आबांबद्दल, विशेषतः बाबांसाठी

नागपूर,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

पितृपक्षात आबांच्या तिथीच्या दिवशी फोनवर बोलताना बाबा जे म्हणाले, त्यावर मी तेव्हा काही उत्तर दिले नाही, कारण तिकडे पाने वाढल्याचे आवाज येत होते आणि तो विषय फोनवर पुढे नेण्याजोगा नव्हता. "तुम्हा नातवंडांना आजोबा मिळाले. मला मिळाला तो मुक्कामी गाडीवरचा कंडक्टर," असे ते म्हणाले. बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि कदाचित म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आबा आमच्या वाट्याला कसे आले, तुम्ही दोघे कामावर असताना घरात काय चालत असे, हे एकदा सविस्तर लिहावे असे त्या दिवशीच ठरवले होते. त्यातला एक भाग बाबांना ठाऊक असणारच असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. तो ठाऊक नाही हे त्या फोनवरून कळले. तो ओघाने पुढे येईल.

आबा १९९४ साली निवृत्त झाले तेव्हा मी दुसरीत होतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेवर सकाळीच निघून जात असे, बाबा महिन्याचा पास काढून रोज कराडहून साताऱ्याच्या कचेरीत ये-जा करत आणि आजीचा दिवस देवपूजा, स्वयंपाक व तिचा दमा यांत संपत असे. त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ताई आणि मी आबांच्या ताब्यात असू. चौतीस वर्षे अनोळखी माणसांशी बोलण्यात घालवलेला माणूस घरी आला की गप्प का बसे, असे बाबा अनेकदा विचारतात. मला दिसलेले आबा गप्प नव्हते. ते बोलत, पण प्रवाशाशी बोलावे तसे, थोडक्यात आणि उत्तराची वाट पाहत. ताई रुसून कोपऱ्यात बसली की ते तिची समजूत काढत नसत; तिच्यासमोर उभे राहून "कुठं उतरणार, बाई?" एवढेच विचारत. ती उत्तर देईना, तर पाटण रस्त्यावरची गावे एकेक करून पुकारत जात, "सुपने... विहे... मल्हारपेठ... नवारस्ता...", आणि पाटण येण्याच्या आत ती हसली नाही असे मी कधी पाहिले नाही.

गणित आम्हाला त्यांनी शिकवले, हे शाळेच्या बाईंना शेवटपर्यंत माहीत नव्हते. एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्याकडून सहाचा पाढा, अपूर्णांक आणि वजाबाकी असे सारे करून घेतले. सुपन्याला दोन बायका आणि एक अर्धे तिकीट चढले, मल्हारपेठेला उतरणार, हातात वीसची नोट, परत किती? उत्तर चुकले तर रागवायचे नाही, फक्त "गाडीत बावन्न माणसं हायत, लवकर" असे म्हणायचे, ही त्यांची पद्धत. माझी ताई आज बँकेत काम करते आणि नोटा मोजण्याचे यंत्र शेजारी असताना आधी तोंडी बेरीज करते, तिचे मूळ इथे आहे.

पैशांच्या बाबतीत त्यांचा काटेकोरपणा तुम्हाला माहीत आहेच, पण त्यामागचे कारण त्यांनी आम्हाला सांगितले होते. सुट्टे नसले की वाहक तिकिटाच्या पाठीमागे देणे असलेली रक्कम लिहून देतो आणि उतरताना मागून घ्या म्हणतो. उतरणारा माणूस पिशव्या, पोरे आणि कोंबड्या सांभाळण्याच्या गडबडीत ते विसरतो. आबांच्या मते खरी परीक्षा तिथे होती, कारण विसरलेले पैसे कुणी मागायला येत नाही. म्हणून थांबा येण्याआधीच ते स्वतः त्या माणसापाशी जाऊन पैसे हातात ठेवत. हिशेब देताना रोकड कमी भरली तर खिशातून घालावी लागे आणि जास्त भरली तर संशय येई, हेही ते सांगत; पण मला वाटते नियमापेक्षा त्यांना त्या माणसाचा पुढचा आठवड्याचा बाजार दिसत असावा. मला दुकानात पाठवताना ते कागदाच्या चिठोऱ्यावर "बाकी ५० पैसे येणे" असे लिहून खाली सही करून देत. तो कागद आणि ते पैसे दोन्ही परत आणून द्यायचे, मग ते कागद फाडत.

मे महिन्यात आत्याची मुले आली की रात्री माळवदावर अंथरुणे पडत, आणि आबा बॅटरी घेऊन डोकी मोजत. फाटलेली तिकिटे आणि बसलेली डोकी जुळल्याशिवाय वाहकाला चैन पडत नाही, असे ते म्हणत. एखादा पाण्याला उठलेला असला तर "एक उभा" असे पुटपुटून तो परत येईपर्यंत जिन्यापाशी थांबत. जेवणाच्या पंगतीत सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही आणि आबांनी तोंडाने दोनदा घंटी वाजवली की सुरुवात, हा नियम होता. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चला. धाकट्या आतेभावाने एकदा मुद्दाम एकच घंटी वाजवली, तेव्हा हसता हसता आबांना ठसका लागला आणि आजीने सगळ्यांना झापले.

उभे राहून राहून त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या होत्या. दुपारी ते पालथे पडत आणि आम्ही भिंतीला धरून त्यांचे पाय तुडवत असू. त्या वेळी ते एसटीच्या गोष्टी सांगत. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी कशी निघाली, हे ते इतक्या बारकाईने सांगत की आम्हाला ते त्या गाडीत होते असेच वाटे. ते तेव्हा बारा वर्षांचे होते आणि पाटणच्या बाहेर गेलेले नव्हते, हा हिशेब ताईने मांडून दाखवला तेव्हा त्यांनी कूस बदलली. स्टँडवर नेले की नुसत्या नंबरावरून गाडी कुठे बांधली ते ओळखायला लावत: एमएच १२ म्हणजे दापोडी, एमएच २० म्हणजे चिकलठाणा, एमएच ३१ म्हणजे हिंगणा. आज मी कामानिमित्त हिंगणा रस्त्याने जातो, आणि त्या कार्यशाळेच्या बाजूने रंग दिलेली नवी गाडी बाहेर पडताना दिसली की नंबर वाचल्याशिवाय राहवत नाही. सूनबाई याला वेड म्हणते. असेल.

आई, तुझ्यासाठीही एक गोष्ट आहे. निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामावर तुला पाठवत, त्या दिवशी आजीला बरे नसले तर आम्हाला जेवायला कोण घालत असे, हे तू विचारायचीस आणि आजी "केलं कायतरी" म्हणायची. ते आबा करत. गाडी रात्री ज्या गावात मुक्कामाला थांबे तिथे घरोघरी पाळीने भाकरी मिळे, पण सुगीच्या दिवसांत माणसे रानात असत आणि गाडीवरचे दोघे स्टोव्हवर पिठले रटरटवत. ते पिठले आबांना फार सुंदर जमे. भरपूर लसूण, हिरवी मिरची ठेचून आणि वर कच्च्या तेलाची धार. केल्यावर ते भांडी घासून जागच्या जागी ठेवत, आणि तुला सांगायचे नाही असे आम्हाला बजावत. सुनेच्या नोकरीमुळे सासऱ्याला चूल फुंकावी लागते असे गल्लीत कुणी म्हणू नये, हे त्यामागचे कारण असावे. तू नोकरी सोडावीस असे नातेवाइकांपैकी काहीजण म्हणत होते त्या काळातली ही गोष्ट आहे.

आता बाबांसाठी.

आबा रोज पहाटे चारला उठत. पहिली गाडी काढायची सवय, असे आपण सगळेच समजत होतो. मी त्यांच्या शेजारी झोपत असल्यामुळे उठल्यावर ते काय करतात हे मला दिसे. ते लगेच तोंड धुवायला जात नसत. अंधारातच भिंतीला हात लावून थोडा वेळ उभे राहत, मग आमच्या अंगावरचे पांघरूण पाहत, मग तुमच्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबत, आणि मग चूळ भरत. दहावीच्या सुट्टीत एका संध्याकाळी आम्ही प्रीतिसंगमावर बसलो असताना मी त्यांना याचे कारण विचारले. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. त्यांनी कोयनेच्या बाजूकडे हात केला आणि १९६७ सालच्या भूकंपाची हकिगत सांगितली.

११ डिसेंबरची ती पहाट तुम्ही आठ वर्षांचे असताना पाटणच्या भाड्याच्या घरात अनुभवलीत. भिंत दुभंगली, आजीने तुम्हाला आणि आत्याला फरफटत रस्त्यावर आणले, धरण फुटले असे कुणीतरी ओरडत गेले आणि सगळी आळी टेकडीकडे पळाली, हे सारे तुम्ही आम्हाला सांगितले आहे. आबांची गाडी उजाडल्यावर स्टँडवर आली होती, शेजारच्या मुलाने ती पाहिली होती, आणि तरीही आबा घरी आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हेही तुम्ही सांगितले आहे. दर वेळी तुम्ही तिथेच थांबता.

आबांची बाजू अशी होती. गाडी हेळवाकच्या बाजूला त्या नेहमीच्या गावात मुक्कामाला होती. थंडी असूनही दोघे गाडीतच झोपले होते, आबा मागच्या लांब बाकावर आणि चालक, ज्यांना ते शेवटपर्यंत पैलवानच म्हणत, इंजिनाजवळ. ४ वाजून २१ मिनिटांनी गाडी हलली. आबा अर्धवट झोपेत होते. त्यांना वाटले, गाडी ब्रेक सुटून उताराला लागली आहे. त्यांनी हात वर करून दोरी ओढली आणि एक घंटी दिली. पैलवान ओरडले, "आरं, मी गाडी चालवत न्हाई!" हे सांगताना आबा हसले होते, आणि मीही हसलो होतो. नंतर त्यांनी सांगितले की, पुढचा आवाज घरांचा होता.

दगडमातीच्या भिंती आणि वर कौले, अशी ती घरे. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, मुंबईपर्यंत हादरा जाणवला आणि तिथल्या कारखान्यांची वीज गेली, हे नंतर पुस्तकात वाचायला मिळाले. त्या वेळी अंधारात फक्त धूळ आणि हाका होत्या. ज्या घरात त्यांचे आदल्या रात्रीचे जेवण झाले होते त्या घरातली म्हातारी त्यांनी आणि पैलवानांनी हातांनी माती उपसून काढली. ती जिवंत निघाली. जखमींना बाकांवर, दोन बाकांच्या मधल्या वाटेत, मिळेल तिथे निजवून उजाडायच्या सुमाराला गाडी पाटणकडे निघाली. रस्त्यावर दरडीचे दगड आले होते, ते उतरून बाजूला करायचे आणि पुन्हा चढायचे. आबांनी त्या फेरीचे तिकीट फाडले नाही, आणि पुढे याची चौकशी होईल अशी भीती त्यांना वाटेत वाटत होती, हे त्यांनी मला जरा लाजत सांगितले.

पाटणला सरकारी दवाखान्यापाशी माणसे उतरवून गाडी पाण्यासाठी स्टँडवर आली. तिथून आपले घर तीन गल्ल्या अंतरावर. पैलवान म्हणाले, "जाऊन ये, मी थांबतो." वर गावात अजून माणसे पडलेली होती आणि आपण किती जणांना "दुसऱ्या फेरीला नेतो" असे सांगून आलो आहोत हे आबांनी मोजले होते. त्यांनी स्टँडवरच्या हमालाच्या पोराला घराकडे पिटाळले. ते पोर परत येईपर्यंत गाडी चालूच होती. "भिंत पडलीया, पण वैनी आन् पोरं समदी भाईर हायत, बरी हायत," एवढा निरोप मिळाल्यावर आबांनी दोन घंट्या दिल्या. त्या दिवशी आणि त्या रात्री ते वर-खाली करत राहिले.

"मग हे बाबांना का सांगितले नाही?" असे मी विचारले. आबा म्हणाले, "त्याला सांगायला म्या कधी घरी असायचो? आन् मोठा झाल्यावर सांगितलं असतं, तर सबब सांगतोय म्हनला असता." मग बराच वेळ गेल्यावर, "पोरगं म्हनलं बरी हायत. म्या ते खरं धरलं. पर बघितलं न्हवतं ना." पहाटे भिंतीला हात लावून दारोदार डोकावण्याचे कारण ते एवढ्यातच सांगून गेले, आणि मला शेंगा घ्यायला पाठवले.

बाबा, मी त्यांची वकिली करत नाही. आठ वर्षांच्या मुलाला दहा मिनिटे भेटून येण्याने वरच्या गावातले कुणी दगावले असते असे मला वाटत नाही, आणि तेवढी दहा मिनिटे त्यांनी द्यायला हवी होती असे माझे मत आहे. निरोप आणायला पोर पाठवले, पण निरोप द्यायला ते पाठवले नाही, ही गोष्ट मला अजून खटकते. "तुझे वडील सुखरूप आहेत, वर गेले आहेत" एवढे वाक्य तुमच्यापर्यंत आले असते तर कदाचित सारेच वेगळे झाले असते. मी एवढेच म्हणतो की, ते तुम्हाला विसरून गेले नाहीत. त्यांनी विचारले, ऐकले, आणि मग निवड केली. ती तुमच्या विरोधात गेली आणि हे त्यांना ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. रोज संध्याकाळी आबा आम्हाला "फिरायला" नेत, ते स्टँडवर. साताऱ्याची गाडी लागली की ते आम्हाला रसवंतीच्या आडोशाला उभे करत आणि दाराकडे पाहत राहत. तुम्ही उतरलेले दिसलात की "चला" म्हणून लगबगीने मागच्या रस्त्याने आम्हाला घरी आणत आणि तुम्ही पोचायच्या आत वर्तमानपत्र उघडून बसत. तुमची गाडी उशिरा आली तर आम्ही उशिरापर्यंत तिथेच असू, आणि मग आजी आम्हा तिघांना बोलत असे. हे लपवायचे कशाला, असे ताईने विचारले होते. आबांचे उत्तर असे होते की, घरचे माणूस स्टँडवर वाट पाहते हे एकदा कळले की प्रवासी घाई करतो, गाडी थांबायच्या आधी पायरीवर येतो, आणि पडतो. असे पडलेले लोक त्यांनी पाहिले होते.

त्यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल मी लिहीत नाही. २००९ च्या त्या महिन्यांत सारे तुम्ही दोघांनी केलेत आणि मी परगावी होतो, तेव्हा त्याविषयी बोलण्याचा अधिकार तुमचा आहे. फक्त त्या काळात ते रात्री तुमच्याशी काही बोलले असतील तर, बाबा, मला ते ऐकायला आवडेल. पत्रात लिहिलेत तर उत्तम, नाहीतर मी आल्यावर.

मी दिवाळीला येतो आहे, आणि पाडव्यानंतर एक दिवस मोकळा ठेवा अशी विनंती आहे. आपण तिघे एसटीने पाटणला आणि तिथून त्या मुक्कामाच्या गावी जाऊ. मोटार भाड्याने काढू असे आई म्हणेल, पण या कामाला मोटार नको. त्या म्हातारीच्या घरचे कुणीतरी अजून तिथे असतील, आणि आबांना ओळखणारे नसले तरी मुक्कामी गाडी आठवणारे नक्की असतील. वेळापत्रक मोबाइलवर पाहण्यात अर्थ नाही, तेव्हा बाबांनी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारून ठेवावे, आणि परतीची शेवटची गाडी कितीला आहे ते आधी विचारावे. आईच्या गुडघ्यांसाठी पुढच्या दारापासची जागा धरू. आईला महिलांच्या सवलतीत अर्धे तिकीट, बाबांना पासष्टी ओलांडल्यामुळे अर्धे, आणि पूर्ण तिकीट तेवढे माझे. बाबांनी ओळखपत्र विसरू नये. आबा असते तर त्यांनी त्याशिवाय सवलत दिली नसती.

सूनबाईचा आणि मुलीचा नमस्कार. दम्याचा त्रास बाबांनाही सुरू झाला आहे असे ताई म्हणत होती. डॉक्टरांनी काय सांगितले ते कळवा.

आपला,
बाळू